बांधाचा वाद: आधी मोजणी, मग कुंपण

शेजाऱ्यानं बांध कोरला अशी शंका आली की हात आधी कुदळीकडे जातो. ती कुदळ घरातच राहू द्या. मोजणी होऊन खुणा पडेपर्यंत बांध, तार, झाड, दगड कशालाही हात लावू नका. हद्दीच्या खुणा हलवणं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 प्रमाणे दंडनीय आहे, शिवाय आपलाच पुरावा आपल्या हातानं नाहीसा होतो.

आधी कागद काढा: चालू सातबारा, गटाचा नकाशा, खरेदीखत, पोटहिस्सा पडला असेल (गटाची वाटणी झाली असेल) तर त्या वाटणीचा म्हणजे फाळणीचा नकाशा. सातबाऱ्यावर फक्त क्षेत्र असतं, बांध कुठून जातो ते नकाशा सांगतो. मोबाईलवरच्या उपग्रह नकाशावर विसंबू नका. तिथं काही मीटरचा फरक सहज पडतो आणि आपलं भांडण दोन-तीन फुटांचं असतं. ते फूटही किरकोळ नव्हेत. 300 फूट लांबीचा बांध 3 फूट सरकला तर 900 चौरस फूट जातात, आणि गुंठा असतो 1089 चौरस फुटांचा.

मग शेजाऱ्याकडे जा, शक्यतो एकटे. “अण्णा, बांधाबद्दल शंका आहे. दोघं मिळून मोजणी टाकू, फी निम्मी निम्मी.” माझ्या मते अर्धे वाद इथंच मवाळ होतात, कारण मोजणी त्याच्यावर लादलेली राहत नाही.

तो तयार नसला तरी हद्द कायम मोजणीचा, म्हणजे अभिलेखाप्रमाणे हद्द मोजून दाखवण्याचा, अर्ज तुम्ही एकटे करू शकता. अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयाकडे जातो, ऑनलाइनही भरता येतो. तारीख ठरली की लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. अर्ज टाकताना पिकाचा विचार करा. उभ्या उसात मोजणी होत नाही.

मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. पहार, चुना, दगड आणि एखादा मजूर सोबत ठेवा. भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार, आधी प्रत्यक्ष वहिवाट मोजतो, मग ती अभिलेखाशी जुळवतो. त्याला जुने दगड, विहीर, गावची शीव दाखवा. ज्या खुणांचं स्थान पक्कं आहे, तिथूनच बाकीची हद्द बसते. खूण दाखवली की लगेच दगड रोवा. चुन्याची फक्की पहिल्या पावसात वाहून जाते. दोन्ही बाजूंचे लोक उभे असतानाच फोटो काढा. मोजणीच्या वेळी लिहून घेतलेला तुमचा जबाब वाचल्याशिवाय सही करू नका, हरकत असेल तर ती त्यातच लिहून द्या.

नंतर मोजणी नकाशाची ‘क’ प्रत घ्या. त्यावर वहिवाट आणि अभिलेखाप्रमाणे हद्द यांतला फरक दिसतो. भूकरमापक हद्द दाखवतो, ताबा देत नाही. शेजारी राजी असेल तर दोघांच्या सह्यांनी लिहून घ्या आणि कुंपण आपल्या हद्दीच्या आत घाला. मोजलेली हद्द बदलून जमीन द्यायची-घ्यायची असेल, तर नुसता स्टॅम्प पेपर पुरत नाही, दस्त नोंदवावा लागतो. त्याआधी तुकडेबंदीची (जमिनीचे फार लहान तुकडे पाडण्यावरच्या बंदीची) अट वकिलाकडून तपासून घ्या.

मोजणीच मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे झालेल्या मोजणीची फेरतपासणी, मागता येते. ती वरिष्ठ अधिकारी करतात. हद्द ठरूनही कुणी जागा सोडत नसेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 138 खाली महसूल अधिकाऱ्याकडे किंवा दिवाणी न्यायालयात जावं लागतं. इथं वेळ घालवू नका. दुसऱ्याचा उघड, विनापरवानगी आणि सलग ताबा 12 वर्षं टिकला, तर तो त्या जमिनीवर मालकीचा दावा सांगू शकतो.