लॉकडाऊनमध्ये कॅज्युअल्टीत मुलं कमी का आली? रजिस्टर असं वाचा

हा विषय थीसिसला घेतला की पहिला घोळ तुलनेचा महिना निवडताना होतो. एप्रिल 2020 शेजारी फेब्रुवारी 2020 ठेवू नका. नागपुरात एप्रिल म्हणजे ऊन आणि जुलाब-उलट्या, सप्टेंबर डेंगीचा, जानेवारी मांजाने कापलेल्यांचा. 2017 ते 2019 मधले तेच आठवडे काढा आणि सरासरी धरा.

कॅज्युअल्टीसोबत एमएलसीचं (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय-कायदेशीर केसेसचं) रजिस्टरही मागा. भाजलेलं, रॉकेल प्यायलेलं, गाडीने उडवलेलं मूल कधी एकात सापडतं, कधी दोन्हीत. वय, तारीख, वेळ जुळवून दुबार नोंदी काढा. नावं शीटमध्ये उतरवायची नाहीत. वयाची मर्यादा 12 की 18, हे आधीच ठरवा.

खरी फसगत टक्क्यांत होते. समजा, महिन्याला 400 मुलं यायची, त्यांत भाजलेली 12, म्हणजे 3 टक्के. लॉकडाऊनमध्ये 120 आली, भाजलेली 12च. टक्का झाला 10. ‘घरात भाजण्याचं प्रमाण तिपटीहून वाढलं’ असं लिहून लोक मोकळे होतात. वाढलं एकही नाही, ताप-सर्दीची मुलं तेवढी आली नाहीत. म्हणून आकडा आणि टक्का शेजारी-शेजारीच छापा. भरतीच्या टक्क्याचंही तेच. मुलं उशिरा आली का, हे केस पेपर सांगतो: त्रास सुरू होऊन किती तास झाले होते, अपेंडिक्स फुटलं होतं का, मधुमेही मूल डीकेएमध्ये (इन्सुलिन कमी पडून रक्त आम्लयुक्त होण्याच्या धोकादायक अवस्थेत) पोचलं का.

25 मार्च ते 31 मे 2020 एवढाच पट्टा धरून ‘आधी-नंतर’ करू नका. जूनपासून रस्ते हळूहळू सुरू झाले, चिमुकल्यांच्या शाळा मात्र बंदच राहिल्या. ही फट फार कामाची. अपघात परतले पण खोकला-दमा खालीच राहिला, तर संसर्गच घटल्याची शक्यता जास्त. सगळंच एकदम परतलं, तर आधी भीती किंवा वाहनाची अडचण आडवी आली असावी. 15 मार्च 2021 पासूनच्या नागपूरच्या टाळेबंदीची खूण आलेखावर वेगळी करा.

अमेरिकेत 29 मार्च ते 25 एप्रिल 2020 दरम्यान 10 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या आपत्कालीन भेटी आदल्या वर्षीपेक्षा 72 टक्क्यांनी घटल्या. तुमची घट तेवढीच निघाली म्हणून कारणंही तीच, असं समजू नका. मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत कोविडसाठी खाटा राखल्या गेल्या होत्या. तिथे न आलेलं मूल दुसऱ्या दवाखान्यात गेलं असेल. आसपासच्या निदान दोन बालरुग्णालयांचे तेच आठवडे मिळवा, आणि ते मिळाले नाहीत तर शीर्षकात ‘नागपूर’ न लिहिता ‘एका रुग्णालयात’ लिहा.