विंडोजवर युनिक्सचा सोर्स कंपाइल करताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांची अडचण साधारण एकच असते. कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू, म्हणजे युनिक्सच्या धर्तीवरचं लिनक्स, आणि घरच्या लॅपटॉपवर विंडोज. लॅबमध्ये ‘कॉन्फिगर’, ‘मेक’, ‘मेक इन्स्टॉल’ या तीन कमांडांत सोर्स कंपाइल करण्याचं, म्हणजे मूळ कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवण्याचं, जे काम उरकलं, ते घरी पहिल्याच कमांडला अडतं. मग कुणी सोर्सला नावं ठेवतं, कुणी लॅपटॉपला. पण युनिक्ससाठी लिहिलेला कोड बऱ्याच गोष्टी गृहीत धरतो आणि त्या विंडोजवर कोण पुरवणार, हे आपण आधी ठरवलेलंच नसतं. बहुतेक एरर तिथूनच येतात.

उदाहरणाला टेसरॅक्ट घेऊ. स्कॅन केलेल्या कागदावरची अक्षरं ओळखणारं हे सॉफ्टवेअर एचपीमध्ये १९८५ ते १९९४ या काळात तयार झालं आणि २००५ मध्ये ओपन सोर्स झालं. सीमाभागात त्याचा खरा उपयोग आहे. आजोबांच्या वेळची मराठी कागदपत्रं आणि अलीकडचे कन्नड उतारे आपल्याकडे एकाच पिशवीत असतात, आणि टेसरॅक्टला दोन्ही भाषांचा डेटा मिळतो.

कुठला मार्ग, हे न ठरवता सुरुवात करणं

मार्ग तीन आहेत आणि तिन्हींतून तयार होणारी फाइल वेगळी असते. विंडोजच्या आतच लिनक्स चालवू देणारं डब्ल्यूएसएल २०१६ मध्ये आलं आणि २०२० पासून त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत खरा लिनक्स कर्नल चालतो. तिथे लॅबसारखंच सगळं होतं, पण तयार होतो तो लिनक्सचा प्रोग्राम. तो पेन ड्राइव्हवर घालून झेरॉक्सवाल्याच्या विंडोजवर डबल-क्लिक केलात तर चालणार नाही. सिग्विन १९९५ पासून आहे. ते युनिक्सच्या सिस्टीम कॉल्सचं काम एका डीएलएलमार्फत (सामायिक लायब्ररीच्या फाइलमार्फत) विंडोजकडून करून घेतं, त्यामुळे प्रोग्राम जाईल तिथे ती डीएलएल सोबत लागते. तिसरा मार्ग मिनजीडब्ल्यू या कंपायलरचा, जो आज बहुतेक जण एमसिस-२ या टूल्सच्या संचातून वापरतात. त्यातून अस्सल विंडोज प्रोग्राम मिळतो, पण युनिक्सचे सगळे कॉल तिथे नसतात. नवी प्रोसेस सुरू करणारा ‘फोर्क’ तर नाहीच.

माझं मत स्पष्ट आहे. लॅबचं असाइनमेंट करायचं असेल तर डब्ल्यूएसएल घ्या आणि बाकी विचार करू नका. दुसऱ्याच्या विंडोज मशीनवर प्रोग्राम द्यायचा असेल तरच एमसिस-२ कडे वळा. आणि टेसरॅक्ट नुसतं वापरायचं असेल तर कंपाइलच करू नका, एमसिस-२ मध्ये त्याचं तयार पॅकेज आहे.

एमसिस-२ मध्ये स्टार्ट मेनूतून चुकीची खिडकी उघडणं ही चूक तर जवळजवळ प्रत्येकाची होते. ‘एमसिस’ नावाच्या खिडकीत ‘जीसीसी’ कंपायलरचं साधं पॅकेज घातलं, तर तयार होणारा प्रोग्राम एमसिसच्या डीएलएलवर अवलंबून राहतो. ‘यूसीआरटी६४’ ही खिडकी उघडा आणि ज्या पॅकेजच्या नावात ‘यूसीआरटी’ आहे तेच घाला. प्रॉम्प्टवर त्या वातावरणाचं नाव दिसतं. कमांड देण्याआधी ते एकदा वाचायची सवय लावून घ्या.

साध्या कमांड प्रॉम्प्टवरून किंवा एडिटरच्या टर्मिनलमधून काम करत असाल तर आणखी एक बघा. स्ट्रॉबेरी पर्लसारखं सॉफ्टवेअर स्वतःचं जीसीसी सोबत आणतं. मग हेडर एका कंपायलरचे आणि लायब्ररी दुसऱ्याची, असं होऊन बसतं. विंडोजची ‘व्हेअर’ कमांड दिली की पाथमध्ये जीसीसी किती ठिकाणी आहे ते लगेच कळतं.

फाइल आहे, तरी ‘नो सच फाइल’

ही चूक सगळ्यांत जास्त वेळ खाते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कॉन्फिगर स्क्रिप्ट समोर दिसते आहे, ‘एलएस’ तिचं नाव दाखवतं, तरी चालवली की ‘बॅड इंटरप्रिटर, नो सच फाइल’ असं येतं. मेसेज नीट बघा. ‘बॅश’ या शब्दाच्या शेवटी टोपीचं चिन्ह आणि ‘एम’ चिकटलेला असतो. युनिक्समध्ये ओळ एका अक्षराने संपते, विंडोजमध्ये दोन अक्षरांनी. त्यातलं जास्तीचं अक्षर स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीला चिकटलं, की सिस्टीम ‘बॅश’ न शोधता ‘बॅश’ आणि एक अदृश्य अक्षर अशा नावाचा प्रोग्राम शोधते. तो कुठेच नसतो.

हे अक्षर बहुतेक वेळा गिट, म्हणजे आपण सोर्स उतरवायला वापरतो ते टूल, घालतं. विंडोजवर गिट इन्स्टॉल करताना आपण ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत जातो आणि चेकआउट करताना ओळींचा शेवट विंडोजसारखा करण्याचा पर्याय चालू राहतो. गिटच्या ‘ऑटोसीआरएलएफ’ या सेटिंगला ‘इनपुट’ ही किंमत द्या. मात्र सेटिंग बदललं म्हणून आधी उतरवलेल्या फाइल सुधारत नाहीत, रिपॉझिटरी परत क्लोन करावी लागते. एकदोनच फाइल असतील तर ओळींचे शेवट बदलणारी ‘डॉसटूयुनिक्स’ कमांड पुरे.

मित्राकडून पेन ड्राइव्हवर उघडं फोल्डर आणणंही टाळा. फॅट पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर सिम्बॉलिक लिंक आणि चालवण्याची परवानगी दोन्ही टिकत नाहीत. कॉपी करताना फाइलींच्या वेळाही बदलतात. मग मेकला वाटतं कॉन्फिगर जुनं झालंय, ते कॉन्फिगर पुन्हा बनवायला ‘अ‍ॅक्लोकल’ या टूलची एखादी विशिष्ट आवृत्ती मागतं आणि ती आपल्याकडे नसते. टारची फाइल आहे तशी आणा आणि शेलमध्येच उघडा.

फोल्डरचं नाव

विंडोजवर युजरचं नाव ‘नाव आडनाव’ असं मधे जागा सोडून असतं. मेक त्या जागेला दोन फाइलींमधली फट समजतं. नाव मराठीत किंवा कन्नडमध्ये असेल तर काही जुनी टूल्स आणखीच गोंधळतात. सी ड्राइव्हवर ‘एसआरसी’ असं छोटं रोमन नावाचं फोल्डर करा, वनड्राइव्हच्या डेस्कटॉपवर सोर्स ठेवू नका. डब्ल्यूएसएलमध्ये उलट आहे. तिथे सी ड्राइव्हवरचं फोल्डर फार संथ चालतं, म्हणून लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच काम करा.

काही सोर्समध्ये ‘ऑक्स’ नावाची फाइल असते. डॉसच्या काळापासून हे नाव विंडोजने राखून ठेवलंय. लिनक्स कर्नलच्या सोर्समध्ये अशी फाइल आहे. शिवाय तिथे फक्त लहान-मोठ्या अक्षरांच्या फरकाने वेगळ्या असलेल्या फाइलींच्या जोड्याही आहेत, आणि विंडोज त्या एकच समजतं. कर्नलचा सोर्स विंडोजच्या ड्राइव्हवर उतरवूच नका.

एरर खालून वाचणं

स्क्रीनवर शेवटची ओळ ‘एरर २’ असते आणि मदत मागताना मुलं तिचाच फोटो पाठवतात. त्या ओळीत काहीच माहिती नसते. मेकला ‘जे’ पर्याय देऊन चार कामं एकदम चालवली असतील तर खरी एरर कुठेतरी वर गेलेली असते. ‘जे’ काढा, परत मेक द्या आणि पहिली एरर शोधा. कॉन्फिगर अडलं तर त्याच फोल्डरमध्ये त्याची लॉग फाइल असते. टेसरॅक्टच्या बाबतीत तिथे बहुतेक लेप्टोनिका ही चित्रं हाताळणारी लायब्ररी सापडत नसल्याचं दिसेल.

‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ आला तर लायब्ररी लिंकच्या कमांडमध्ये ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी लिहिली आहे का बघा, ती नंतर लागते. सॉकेट वापरणारा कोड मिनजीडब्ल्यूत ‘डब्ल्यूएस२_३२’ लायब्ररी मागतो. एरर न येता चुकीचं उत्तर येतं ते जास्त धोक्याचं. ६४-बिट लिनक्सवर ‘लाँग’ ६४ बिटांचा, ६४-बिट विंडोजवर मात्र ३२ बिटांचाच. पॉइंटर ‘लाँग’मध्ये ठेवणारा कोड लॅबमध्ये नीट चालतो आणि घरी कोसळतो. बायनरी फाइल उघडताना ‘एफओपन’ला ‘बी’ दिला नाही, तर विंडोजवर ती अर्ध्यातच संपल्यासारखी वाटू शकते.

सिग्विन आणि एमसिसमध्ये कॉन्फिगर सावकाश चालतं. फोर्कची नक्कल महाग पडते आणि स्क्रिप्ट शेकडो छोटे प्रोग्राम सुरू करते. अडकलं समजून खिडकी बंद करू नका. अँटिव्हायरस पूर्ण बंद न करता फक्त त्या ‘एसआरसी’ फोल्डरला सूट द्या.

खानापूर, कणकुंबीकडे पावसाळ्यात वीज आणि नेट कधी जाईल सांगता येत नाही. पॅकेज अर्धवट उतरलं की एमसिस-२ मध्ये पॅकेज घालणारा पॅकमन ‘करप्टेड’ म्हणतो. ती एक फाइल त्याच्या कॅश फोल्डरमधून काढा आणि पुन्हा उतरवा. बेळगावात मित्राकडे चांगलं नेट असेल तर त्याच्या कॅशमधल्या फाइली आणून पॅकमनच्या ‘यू’ पर्यायाने घालता येतात.

प्रोग्राम तयार झाल्यावर बाहेर डबल-क्लिक केलं की ‘डीएलएल सापडली नाही’ येतं. यूसीआरटी६४ च्या खिडकीत ‘एलडीडी’ कमांड दिली की लागणाऱ्या डीएलएलची यादी मिळते. त्यातल्या विंडोजच्या फोल्डरमधल्या सोडा, बाकीच्या प्रोग्रामशेजारी ठेवा. टेसरॅक्टला भाषेचा डेटाही लागतो आणि तो कुठे आहे हे ‘टेसडेटा प्रीफिक्स’ या व्हेरिएबलमधून सांगावं लागतं. मराठी आणि कन्नड मिसळलेल्या कागदासाठी दोन्ही भाषांचे कोड अधिक चिन्हाने जोडून द्या. कमांड प्रॉम्प्टवर मराठी अक्षरं मोडलेली दिसली म्हणून परत कंपाइल करायला बसू नका. आउटपुट फाइलमध्ये घ्या, ती नोटपॅडमध्ये उघडा आणि तिथे मजकूर नीट आहे का ते बघा.