प्लॅटफॉर्म घेण्याआधी त्यातून बाहेर पडून बघा

तयार बॅकएंडवर (डेटा, लॉगिन, फाइली सांभाळणाऱ्या आयत्या सेवेवर) वेब ॲप झटपट उभं राहतं, पण उद्या कंपनीने गाशा गुंडाळला तर? पार्स या अशाच सेवेचं तेच झालं: जानेवारी 2016 मध्ये घोषणा, वर्षभरात सेवा बंद. सर्व्हरचा कोड खुला केला, म्हणून बऱ्याच जणांचं निभावलं.

तेव्हा पैसे भरण्याआधीच, फुकटच्या प्लॅनवर:

1. दोन-चार खोटे युजर, थोडा डेटा आणि एखादा फोटो टाका.
2. सगळं एक्सपोर्ट करून आपल्या लॅपटॉपवर चढवा. सुपाबेस या सेवेसारखं मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस असेल तर त्याचं पीजी-डंप (pg_dump) हे डेटा उतरवणारं साधन वापरा. चढवताना रोल (डेटाबेसमधली खाती) आणि एक्स्टेन्शन (जोडसुविधा) यांच्या काही एरर येतील, घाबरू नका. एक्सपोर्टसाठी ‘सपोर्टला मेल करा’ असं उत्तर आलं, तर मी तिथूनच परत फिरेन.
3. जुन्याच पासवर्डने लॉगिन होतंय का बघा. घोडं इथेच पेंड खातं. फायरबेस ही सेवा युजरची यादी हॅशसकट (पासवर्डच्या, उलट न फिरवता येणाऱ्या सांकेतिक रूपासकट) देते, पण हॅशची पद्धत तिची स्वतःची, एस-क्रिप्ट (scrypt) या प्रचलित पद्धतीत फेरफार केलेली. कन्सोलमधली (सेवेच्या सेटिंगच्या पानावरची) साइनर की आणि सॉल्ट सेपरेटर ही त्या पद्धतीची मूल्यंही उतरवून ठेवा, नाहीतर प्रत्येकाला पासवर्ड रीसेट करायला सांगत बसावं लागेल.

एक लक्षात असू द्या: अपलोड केलेल्या फाइली डेटाबेसच्या डंपमध्ये येत नाहीत, त्या वेगळ्या उतरवाव्या लागतात.