जुन्या लॅपटॉपला वाय-फाय दिसतच नाही?

मोबाईलवर नेट सुसाट, पण जुन्या लॅपटॉपच्या यादीत तुमच्या वाय-फायचं नावच नाही? मग लॅपटॉप फॉरमॅट करायची घाई नको. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर (बँडवर) वाय-फाय देऊ शकतो, पण बऱ्याच जुन्या लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड, म्हणजे सिग्नल पकडणारा आतला भाग, फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतं. ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्याला दिसणारच नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ चालू आहे का ते बघा आणि त्याला वेगळं नाव द्या. तिथेच २.४ चा चॅनेल (त्या बँडमधली ठराविक पट्टी) 'ऑटो'वर न ठेवता १, ६ किंवा ११ निवडा, कारण १२-१३ काही कार्डांना पकडता येत नाहीत. नाव दिसतंय पण कनेक्ट होत नाही, तर राउटरमधली सिक्युरिटी (पासवर्ड-सुरक्षेची पद्धत) नव्या डब्ल्यूपीए-३ वरून जुन्या डब्ल्यूपीए-२ वर आणा.

नेट मधेच तुटत असेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्डाच्या प्रॉपर्टीज उघडा. तिथे पॉवर मॅनेजमेंट टॅब असेल, तर वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करू देणारी पहिली टिकमार्क काढा. ही टिक फार छळते!

आणि हो, कडेला वाय-फायचं छोटं बटण असतं काही मॉडेलना, तेही बघून घ्या. कार्डच गेलं असेल तर यूएसबी वाय-फाय अ‍ॅडॉप्टर लावा.