काट्याचं वजन कॉम्प्युटरवर येत नाही? लिनक्स ड्रायव्हरला हात लावायच्या आधी आणि लावल्यावर

वेंगुर्ला-कुडाळ साईडला काजू फॅक्टऱ्या भरपूर. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याला मागे सिरीयल पोर्ट असतो, कॉम्प्युटरला तो पोर्ट नसतोच, म्हणून मधे यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर लावतात, आणि स्वस्तातला असेल तर आत बहुतेक सीएच३४० चिप. पावसाळा लागला की फोन सुरू, "वजन येणा नाय". लगेच सगळे ड्रायव्हरला, म्हणजे ते डिव्हाईस चालवणाऱ्या कोडला, शिव्या घालतात. थांबा जरा, आधी कनेक्टर बघा. खाऱ्या हवेत पिनांवर हिरवट कळंक चढतो, तो असेल तर कर्नलचा (लिनक्सचा गाभा, ड्रायव्हर त्यातच चालतात) कोड वाचण्यात काही अर्थ नाही, केबल बदला आणि मोकळे व्हा.

केबल चांगली असेल तर टर्मिनलमधे डीमेसेज -डब्ल्यू (कर्नलचे मेसेज येतील तसे दाखवणारी कमांड) चालू ठेवून कन्व्हर्टर काढा, परत लावा. काहीच उमटलं नाही तर वायर किंवा पोर्ट. एरर -७१ किंवा -११० येत असेल तर तेही बहुतेक वेळा वायर, हब नाहीतर कमी करंट. डिव्हाईस दिसलं, आयडी दिसला, पण टीटीवाययूएसबी० (कन्व्हर्टरच्या पोर्टला लिनक्स देतं ते नाव) आलंच नाही, तर कुठल्याच ड्रायव्हरने त्याला आपलं म्हटलेलं नाही. आणि आलं नि लगेच गेलं, तर उबंटू २२.०४ वर तो ब्रेलटीटीवायचा प्रताप असतो, ब्रेल डिस्प्लेसाठीचा हा प्रोग्राम १ए८६:७५२३ हा आयडी बघून आपलाच डिस्प्ले समजतो आणि पोर्ट बळकावतो. ब्रेल कोणी वापरत नसेल तर पॅकेज काढून टाका, विषय संपला. गिचमिड अक्षरं आली तर बॉड रेट (डेटाचा वेग) किंवा पॅरिटी (चूक ओळखायचा बिट) चुकलीय, परमिशन डिनाईड आलं तर युजरला डायलआउट ग्रुपमधे (सिरीयल पोर्ट वापरायची परवानगी असलेला) घाला. (प्रिंटरची तक्रार घेऊन इकडे येऊ नका, त्याचं बरंचसं काम कप्स नावाची प्रिंटिंगची सिस्टिम करते, कर्नलच्या बाहेर.)

आता खरंच ड्रायव्हरचं काम निघालं असं धरू. सगळ्यात सोपी केस म्हणजे चिप ओळखीची पण कंपनीने आयडी वेगळा टाकलेला. आधी कंपाईल न करता तपासा, सिसएफएसमधे (कर्नलची माहिती फाईलींसारखी दाखवणारं फोल्डर) त्या ड्रायव्हरच्या फोल्डरला न्यू-आयडी नावाची फाईल असते, त्यात व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी लिहिले की ड्रायव्हर ते डिव्हाईस घेऊन बघतो. काटा बोलायला लागला की मग सोर्समधल्या आयडी टेबलात एक ओळ वाढवायची. झाला पॅच, म्हणजे कोडमधला पाठवायचा बदल.

खरी डोकेदुखी डिस्कनेक्टची. आपल्याकडे पावसात लाईट दिवसातून किती वेळा जाते ते सांगायला नको, इन्व्हर्टरवर जाता जाता हब क्षणभर बंद पडतो, आणि कर्नलच्या दृष्टीने कोणीतरी केबल उपटली, तीसुद्धा बिलिंगचा प्रोग्राम पोर्ट उघडून वजन वाचत बसलेला असताना. त्या क्षणी यूआरबी (यूएसबीवरून डेटा घ्यायच्या-द्यायच्या विनंत्या) अर्धवट असतात, त्यांचा कम्प्लिशन हँडलर (विनंती संपली की चालणारं फंक्शन) कधीही पळू शकतो, आणि तुम्ही मेमरी आधीच सोडली असेल तर यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे सोडलेल्या मेमरीलाच परत हात. म्हणून आधी यूएसबी-किल-यूआरबी, तो हँडलर संपेपर्यंत थांबतो, आणि मगच फ्री. तो झोपू शकतो, त्यामुळे स्पिनलॉक (हा धरला असताना झोपता येत नाही) धरून बोलवायचा नाही. यूएसबी-सिरीयल कोअरवर (अशा सगळ्या ड्रायव्हरचा सामाईक कोड) लिहिलेला ड्रायव्हर असेल तर रीड-राईटचं बरंचसं कोअर सांभाळतं, तुम्ही पोर्ट-प्रोबमधे (पोर्ट आल्यावर चालतं ते फंक्शन) जे घेतलं ते पोर्ट-रिमूव्हमधे (पोर्ट गेल्यावरचं) सोडायचं एवढंच. पण स्वतःचं कॅरेक्टर डिव्हाईस (प्रोग्रामने उघडायची डिव्हाईस फाईल) काढणारा ड्रायव्हर असेल तर डेव्हएम वाली, म्हणजे आपोआप सुटणारी, मेमरी जपून वापरा, ती अनबाईंड झालं (ड्रायव्हर डिव्हाईसपासून सुटला) की सुटते, आणि युजरने फाईल अजून उघडीच ठेवलेली असते. आणखी एक, यूएसबीला द्यायचा बफर स्टॅकवर ठेवू नका, केमॅलॉक करून मेमरी घ्या, स्टॅकवरून डीएमए (हार्डवेअरने थेट मेमरी वाचणं-लिहिणं) चालत नाही.

टेस्ट कशी? कासान (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलमधलं साधन) चालू करून कर्नल बिल्ड करा, एका खिडकीत पोर्ट सतत वाचत ठेवा, आणि केबल काढत-लावत रहा, सिसएफएसमधून अनबाईंडही करून बघा. प्रोग्रामने जुना पोर्ट सोडला नसेल तर परत लावल्यावर टीटीवाययूएसबी१ येतं आणि मालक म्हणतो काटा गेला. हा ड्रायव्हरचा बग नाही. उगाच कर्नलमधे फिक्स शोधू नका, डेव्हमधल्या सिरीयल फोल्डरमधल्या बाय-पाथ लिंकने (कुठल्या यूएसबी पोर्टला लावलंय त्यावरून ठरणारं नाव) उघडा. बाय-आयडी इथे कामाचं नाही, सीएच३४० ला सहसा सिरीयल नंबरच नसतो, दोन काटे असले की दोन्ही सारखेच दिसतात.

फिक्स झाला की बरेच जण तो आपल्याच फोल्डरमधे डीकेएमएस (नवीन कर्नल आलं की बाहेरचा ड्रायव्हर परत कंपाईल करणारं साधन) करून ठेवतात. मला हे अजिबात पटत नाही. कर्नलच्या आतले फंक्शन कॉल कायम राहतील अशी कोणी हमी दिलेली नाही, २०२३ मधे ६.४ ला क्लास-क्रिएटचं एक आर्ग्युमेंट काढलं आणि बाहेर ठेवलेले कितीतरी ड्रायव्हर कंपाईल व्हायचे थांबले. आतले मात्र चालू राहिले, कारण एपीआय (ते आतले फंक्शन कॉल) बदलणाराच सगळ्या इन-ट्री, म्हणजे कर्नलच्याच सोर्समधल्या, ड्रायव्हरमधे तो बदल करून देतो. नवीन कर्नल नऊ-दहा आठवड्यांनी येतं, प्रत्येक वेळी तुम्ही फॅक्टरीत जाऊन बसणार का?

पाठवायची रीत: गेट-मेंटेनर स्क्रिप्ट चालवली की पॅच कुठल्या मेंटेनरला (तो कोड सांभाळणारा माणूस) आणि कुठल्या ईमेल लिस्टला पाठवायचा ते कळतं. चेकपॅच ही कोडची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट चालवा. एका पॅचमधे एकच बदल. मेसेजमधे काय बिघडत होतं ते आधी, मग तुम्ही काय केलं ते, खाली साइन्ड-ऑफ-बाय (तुमच्या नावाची ओळ), आणि बग कुठल्या कमिटने (गिटमधे नोंदलेला बदल) आणला ते माहीत असेल तर फिक्सेस टॅग, हॅशचे किमान बारा अक्षर. ईमेल साधं टेक्स्ट, गिट सेंड-ईमेल वापरा, वेबमेलमधून पेस्ट केलं तर टॅबची वाट लागते. नुसता डिव्हाईस आयडी असेल तर स्टेबललाही (जुनी कर्नलं सांभाळणारी लिस्ट) सीसी करा, नवीन आयडी जुन्या कर्नलमधेही घेतात.

मर्ज विंडोच्या (पुढच्या कर्नलसाठी नवं काम मुख्य सोर्समधे घेतात तो काळ) दोन आठवड्यांत नवीन काम पाठवू नका, तेव्हा मेंटेनर म्हणजे गणपतीतला चाकरमानी, फोन लागत नाही. एरवीही उत्तर आलं नाही तर किमान आठवडा थांबून मगच आठवण करा. रिव्ह्यूला उत्तर त्यांच्या ओळीखालीच लिहायचं, आणि दुसरं व्हर्जन पाठवताना काय बदललं ते तीन डॅशच्या खाली, म्हणजे ते कमिट मेसेजमधे जात नाही.

मर्ज झाल्यावर तो जुना कन्व्हर्टर फेकू नका, सिलिका जेलची पुडी टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पुढेमागे कोणी त्याच फाईलमधे बदल करेल आणि टेस्ट करून द्याल का असं विचारेल, तेव्हा हार्डवेअर हाताशी असलेले तुम्हीच असाल.