पब्लिकवर लेझर फिरवायचाच असेल तर आधी एवढं करा

सीझन आला की प्रत्येक पार्टीचा हाच हट्ट, "पब्लिकच्या अंगावर लेझर पाहिजे, नुसता वर मारू नका." दिसतं भारी, मान्य आहे. धुरात हिरवा पडदा डोक्यावरून खाली येतो आणि सगळे हात वर करतात. पण २०२३ च्या गणपतीनंतर आपल्याकडे काय झालं ते आठवा, मिरवणुकीत नाचून आलेली तरुण पोरं रेटिनाला इजा झाली म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला लागली, आणि पुढच्या वर्षी पुण्यात पोलिसांनी मिरवणुकीत लेझरवर बंदी घातली. त्यामुळे हे लिहितोय.

आधी एक गोंधळ मिटवू. शार्पी, म्हणजे तो फिरत्या डोक्याचा झोताचा लाइट, लेझर नाही, त्यात दिवा असतो. लेझरचा किरण लांब गेला तरी फारसा पसरत नाही, सगळी ताकद एका बारीक ठिपक्यातच राहते, आणि आपल्या डोळ्याची लेन्स तो ठिपका आणखी बारीक करून थेट डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर टाकते. म्हणून "पब्लिक लांब आहे, काही होत नाही" हे वाक्य पहिलं डोक्यातून काढा.

हिशोब करून बघा. ५ वॅटचं मशीन, डायव्हर्जन्स १ मिलिरेडियन, म्हणजे दर मीटरला किरण फक्त १ मिलिमीटर जाड होतो. असा किरण एका जागी थांबला तर डोळ्याला धोका साधारण ५०० मीटरपर्यंत राहतो. आपल्या लॉनवर ५०० मीटर कुठून आणणार? आता गंमत बघा, पॉवर कमी करून १ वॅट केली तरी हे अंतर सव्वादोनशे मीटरच्या आसपासच राहतं, पण डायव्हर्जन्स दहापट केला की थेट ५० मीटरवर येतं. बहुतेक जण पॉवरचा स्लायडर खाली ओढतात आणि झालं समजतात, खरं काम मात्र किरण जाड करण्यात आहे.

त्यासाठी मशीनच्या तोंडावर लावायची डायव्हर्जन्स लेन्स मिळते. ती फक्त खालच्या अर्ध्या भागात बसवायची, म्हणजे वर जाणारे किरण बारीक आणि कडक राहतात आणि पब्लिककडे येणारे जाड, मऊ होतात. ५ वॅट असेल आणि पहिली रांग २० मीटरवर असेल तर तिथे किरणाचा गोळा निदान ५० सेंटिमीटरचा पाहिजे. हो, परातीपेक्षा मोठा. क्लायंट म्हणेल फिकं दिसतंय, तर धूर चांगला भरा आणि बाकीचे दिवे कमी करा. अंधारात जाड किरणही छान दिसतो, फक्त कोणी दाखवत नाही म्हणून माहीत नसतं.

मग मोजायचं. अंदाजाने नाही, लेझर पॉवर मीटरने. काळ्या कार्डाला ७ मिलिमीटरचं भोक पाडा (अंधारात डोळ्याची बाहुली साधारण तेवढी उघडते), ते मीटरच्या तोंडावर धरा, पब्लिकमधला सगळ्यात जवळचा माणूस जिथे उभा राहणार तिथे जा, आणि किरण थांबवून, तिन्ही रंग फुल करून, मीटर गोळ्याच्या मधोमध धरून रीडिंग घ्या. १ मिलिवॅटच्या वर गेलं तर पब्लिकवर सोडायचं नाही. हे करताना किरणाकडे स्वतः बघायचं नाही, पॉवर अगदी कमी ठेवून जागा ठरवायची, आणि त्या लाइनीत दुसरं कोणी फिरकायला नको.

"पण किरण तर फिरत असतो ना?" असतो, जोपर्यंत गॅल्व्हो (किरण फिरवणारे मशीनमधले छोटे आरसे) चालू आहे तोपर्यंत. गॅल्व्हो अडकला, लॅपटॉप हँग झाला, केबल सैल झाली की तोच किरण एका जागी उभा राहतो. म्हणून स्कॅन-फेल असलेलं मशीनच घ्या, किरण थांबला की ते लेझर बंद करतं. पण त्याच्यावरच विसंबू नका, कारण वरचाच ५ वॅटचा बारीक किरण २० मीटरवर १ मिलिसेकंद जरी थांबला तरी डोळ्याच्या मर्यादेच्या जवळजवळ शंभरपट होतो. डोळा मिटायला पाव सेकंद लागतो, तोवर सगळं आटोपलेलं असतं. लेन्स आधी, स्कॅन-फेल नंतर. सॉफ्टवेअरमध्ये पब्लिकच्या भागावर पॉवर कमी करायचा मॅप असतो तोही लावा, पण तो तिसऱ्या नंबरवर.

इमर्जन्सी स्टॉपचं बटण ऑपरेटरच्या हाताशी, वायरने जोडलेलं, आणि ऑपरेटरचं लक्ष पब्लिककडे. ऑपरेटर जेवायला गेला की लेझर बंद, मग नवरदेवाचे मामा काहीही म्हणोत.

स्वस्त, कागदपत्र नसलेली मशीन पब्लिकवर वापरूच नका, स्टिकरवर लिहिलेली पॉवर आणि आतली पॉवर यात फरक निघतो. पल्स मारणारा लेझर असेल तर विषयच संपला. फिक्स किरणांचे लेझर बार पण नाही.

लेन्स वगैरे काही नसेल तर मग साधा नियम, किरण लोक उभे असतात त्या जमिनीपासून ३ मीटर वरच ठेवायचा. आपल्याकडे बाप पोराला खांद्यावर घेऊन उभा असतो, पोरगं हात वर करतं, त्यामुळे मी तरी ४ धरतो. मशीन ट्रसला (लाइट टांगायच्या धातूच्या सांगाड्याला) घट्ट बोल्ट करा आणि खालच्या बाजूला पत्र्याची पट्टी लावून किरण प्रत्यक्ष अडवा. समोरच्या काचा, स्टीलचे खांब, आरसे लावलेलं डेकोरेशन सगळं दिवसा फिरून बघून घ्या. रशियात मॉस्कोजवळ २००८ मध्ये एका ओपन-एअर फेस्टिव्हलला पाऊस आला म्हणून वर तंबू ठोकले, आकाशात जायचे किरण लोकांवर आले आणि कितीतरी जणांच्या डोळ्यांना इजा झाली. म्हणजे ऐनवेळी मांडव बदलला की सगळं परत मोजायचं.

आणि मिरवणुकीत? नाही. टेम्पो हलतो, खड्ड्यात आपटतो, पब्लिक चारही बाजूंनी असतं आणि ३ मीटरच्या वर तर गॅलरीत आज्या आणि पोरं उभी असतात. तिथे वर मारणंही सेफ नाही आणि खाली मारणंही नाही. मी मिरवणुकीच्या ऑर्डरला शार्पी देतो, पटलं तर ठीक, नाहीतर दुसरा बघा म्हणतो.

एवढं करूनही कोणी म्हणालं की डोळ्यासमोर काळा डाग आलाय, धूसर दिसतंय, तर "झोपून उठलास की जाईल" असं सांगू नका. डोळे चोळायचे नाहीत, मेडिकलमधून ड्रॉप आणून घालायचे नाहीत, लगेच रेटिनाच्या डॉक्टरकडे पाठवा. आणि कुठल्या मशीनचा, कुठल्या रंगाचा, किती वॅटचा लेझर, तो किती लांब उभा होता हे चिठ्ठीवर लिहून सोबत द्या, डॉक्टर तेच आधी विचारतात.