नवी गाडी काढायची आहे? कोटेशनच्या ओळी घरूनच वाचून जा

नव्या मोटरसायकलच्या एक्स-शोरूम किमतीवर, म्हणजे रोड टॅक्स, नोंदणी आणि विमा धरण्याआधीच्या भावावर, घासाघीस करण्यात दम घालवू नका. तो आकडा कंपनी ठरवते. राज्यात तो जवळपास सगळीकडे सारखाच असतो आणि कंपनीच्या संकेतस्थळावर आपलं शहर टाकलं की दिसतो. त्या आकड्यात डीलरला सुटणारे पैसे फार नसतात. त्याची खरी कमाई खालच्या ओळींत असते: विमा, कर्ज, अ‍ॅक्सेसरीज, कोटिंग, आणि ‘हँडलिंग’ नावाची ती गूढ ओळ. तेव्हा तयारी करायची ती याच ओळींची, आणि शोरूमची पायरी चढण्याआधी.

सुरुवात घरी, वहीच्या पानावर. आपल्या गाडीचं ऑन-रोड कोटेशन, म्हणजे गाडी रस्त्यावर येईपर्यंतचा सगळा हिशेब, आपणच मांडायचा. 1,00,000 रुपये एक्स-शोरूम असलेली 125 सीसीची गाडी धरू. महाराष्ट्रात दुचाकीचा एकरकमी रोड टॅक्स इंजिनावर ठरतो: 99 सीसीपर्यंत 10 टक्के, 299 पर्यंत 11 आणि त्यापुढे 12. म्हणजे इथे 11,000. नव्या दुचाकीला 5 वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा, 1 सप्टेंबर 2018पासून सक्तीचा आहे. त्याचा हप्ता कोणताही डीलर किंवा विमा कंपनी मनाने ठरवत नाही, तो सरकारी दर आहे. 2022च्या दरपत्रकानुसार 75 ते 150 सीसीला 3,851 रुपये, जीएसटी धरून साधारण 4,544. 150च्या पुढे 350 सीसीपर्यंत तोच 7,365 होतो आणि त्याहून मोठ्या गाडीला 15,117, म्हणून इंजिनाचा आकडा नीट बघून घ्या. नोंदणीची फी 300, स्मार्ट कार्डाचे 200, कर्ज असेल तर बोजा चढवायचे 500. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक वर्षाचा विमा आणि मालक-चालकाचा अपघात विमा मिळून दोन-अडीच हजार धरा. किरकोळ उपकर मिळवून बेरीज 1,19,000च्या आसपास येते. शोरूमच्या कागदावर 1,27,000 दिसले, तर तुमचं बोलणं त्या वरच्या आठ हजारांवर व्हायला हवं.

एक इशारा. यूट्यूबवरचे जुने ऑन-रोड भाव बघून हिशेब मांडू नका. 22 सप्टेंबर 2025पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28वरून 18 टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांवर 40 टक्के झाला. त्याआधीचा कुठलाही आकडा आज कामाचा नाही.

आता दिवस निवडायचा. महिनाअखेरीला सेल्समनच्या डोक्यावर टार्गेट असतं, हे सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. पण आपल्याकडे त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुहूर्त. दसऱ्याच्या सकाळी दारात गाडी हवी आणि बोलणी दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, असं असेल तर तुमच्या हातात काहीच उरत नाही. समोरच्याला ठाऊक असतं की तुम्ही उठून जाणार नाही. घरी पूजेचं ताट तयार आहे. आवडीच्या रंगाला ‘थोडे वर’ द्यावे लागतील, हे वाक्यही नेमकं त्याच दिवसांत ऐकू येतं. याउलट पितृपंधरवड्यात शोरूम ओस पडलेली असतात. त्या दिवसांत घरात नवी वस्तू आणत नसाल तर आणू नका, पण भाव करायला पितर आडवे येत नाहीत. कोटेशन तेव्हा घ्या, रंग आणि मॉडेल लिहून घ्या, बुकिंगचे पैसे हवे तर घटस्थापनेला भरा आणि गाडी दसऱ्याला आणा. पाडव्याचंही तसंच, बोलणी फाल्गुनात उरकून टाका. डिसेंबरात वर्ष बदलण्याआधीचा साठा काढायची घाई असते तेव्हाही सूट मिळते. मात्र जानेवारीत आदल्या वर्षी बनलेली गाडी नव्या भावात गळ्यात मारली जात नाही ना, हे बघा. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म 21वर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. विकताना तेच वर्ष मोजलं जातं.

कोटेशन किमान तीन ठिकाणचं हवं, लेखी आणि ओळीवार. ‘सगळं मिळून एवढे’ असा एकच आकडा हातात ठेवणाऱ्याला हसून म्हणा, ‘दादा, फोड करून द्या.’ देत नसेल तर तिथला चहा पिऊन निघा. तालुक्याच्या गावी असाल तर समोरचा मुख्य डीलर आहे की सब-डीलर, हे विचारा. सब-डीलरकडे बिल बहुधा जिल्ह्याच्या डीलरच्या नावाने निघतं आणि मधल्या माणसाचा वाटा कुठल्यातरी ओळीत बसवलेला असतो. त्यात गैर काही नाही, गावात सर्व्हिस मिळते हेही खरं. पण तो वाटा किती, हे कळल्यावर जिल्ह्याला जाऊन यायचं की नाही ते ठरवता येतं.

मग एकेक ओळ. हँडलिंग किंवा लॉजिस्टिक चार्जेस आधी पकडा. कारखान्यातून शोरूमपर्यंत गाडी आणायचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेलाच असतो, तो पुन्हा द्यायचं कारण नाही. ‘ही रक्कम कुठल्या नियमाखाली घेता, ते बिलावर लिहून द्या,’ एवढं शांतपणे म्हटलं की बऱ्याचदा ती ओळ निम्मी होते किंवा गायबच होते. ‘आरटीओ खर्च’ असा गोळाबेरीज आकडा असेल तर परिवहन या सरकारी संकेतस्थळाच्या पावतीप्रमाणेच पैसे देईन असं सांगा; पासिंगचं काम आता डीलरकडूनच ऑनलाइन होतं, गाडी आरटीओत न्यावी लागत नाही. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट 1 एप्रिल 2019पासून नव्या गाडीसोबतच येते, तिची वेगळी ओळ दिसली तर बोट ठेवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुचाकीसोबत बीआयएस प्रमाणित हेल्मेट द्यायचं उत्पादकावर बंधन आहे. मागच्या सीटला पकडायची दांडी, पायदान आणि मागच्या चाकाचं निम्मं तरी झाकणारा साडी गार्ड हीसुद्धा नियमातली साधनं आहेत. हौसेच्या अ‍ॅक्सेसरीजच्या पॅकेजमध्ये घालून यांचे पैसे लावले असतील तर ती ओळ बिनधास्त खोडायला सांगा. लेग गार्ड, सीट कव्हर, टेफ्लॉन कोटिंग ही तुमची मर्जी. कोटिंगबद्दल माझं मत विचाराल तर नव्या रंगावर तो खर्च वाया आहे. लेग गार्ड मात्र घ्या, बाजारातून.

विम्याच्या ओळीवर शोरूम सहजी मागे हटत नाही, म्हणून इथे थोडं घट्ट राहा. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती करता येत नाही. बाहेरून भाव काढायला गाडीचा नेमका प्रकार, पिन कोड आणि एक्स-शोरूम किंमत पुरते. पॉलिसी काढताना चॅसिस आणि इंजिन नंबर लागतात, ते बुकिंगनंतर मागून घ्या. तुलना करताना दोन्हीकडे आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पुरती मोडली तर विमा कंपनी जास्तीत जास्त देईल ती रक्कम, सारखी आहे ना ते बघा. नव्या गाडीला ती साधारण एक्स-शोरूमच्या 95 टक्के असते. कमी आयडीव्ही दाखवून हप्ता स्वस्त करणं ही जुनी खेळी आहे. तुमच्याकडे 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आधीपासून असेल तर तो पुन्हा घ्यायची गरज नाही. ‘बाहेरचा विमा आणलात तर क्लेमला त्रास होईल’ असं ऐकवतील. ऐकून घ्या आणि बाहेरचं कोटेशन टेबलावर ठेवा. बहुतेक वेळा डीलर त्याच भावात उतरतो, मग त्याच्याकडून घ्यायलाही हरकत नाही.

हप्त्यावर घेणाऱ्यांनी ‘महिन्याला किती बसेल?’ हा प्रश्न शेवटी विचारावा. 80,000 रुपये तीन वर्षांसाठी 10 टक्के फ्लॅटने, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज लावून, घेतले तर व्याज 24,000 आणि हप्ता 2,889. ऐकायला दर दहाचा, पण घटत्या शिल्लकीवर मोजलात तर तो 18च्या घरात जातो. 1 ऑक्टोबर 2024पासून कर्ज देणाऱ्याला मुख्य तथ्यांचं पत्रक द्यावं लागतं आणि त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तेवढा एकच आकडा बघा. आपल्या बँकेत किंवा पतसंस्थेत आधी विचारून गेलेलं बरं. रोखीने घेणार असाल तर तेही लगेच सांगू नका: कर्जावर डीलरला कमिशन मिळतं, आणि त्या आशेवर तो इतर ओळींत सैल होतो.

जुनी गाडी द्यायची असेल तर तिचा सौदा वेगळा करा. दोन्ही हिशेब एकत्र झाले की एकीकडे दिलेली सूट दुसरीकडे वसूल होते. आधी नवीचा भाव लिहून घ्या, मग जुनीचा विषय काढा. ती कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला दाखवून बाहेर किती येतील ते माहीत करून ठेवा.

बोलणीला दोघं जा, त्यातला एक असा हवा की ज्याला गाडी आवडलेली नाही. घरातल्या मावशी किंवा काका या कामात पटाईत असतात. ज्याच्या डोळ्यांत गाडी भरली आहे त्याने गप्प बसावं. रोख सूट मिळेना झाली की पहिल्या दोन सर्व्हिसचं ऑइल, वाढीव वॉरंटी किंवा दुसरं हेल्मेट मागा. तिथे डीलरचा हात लवकर सुटतो.

पैसे भरताना पावती डीलरच्या नावाची, खात्यात भरलेल्या रकमेची. बुकिंग रद्द केल्यास पैसे परत मिळतील हे पावतीवर लिहून घ्या. नोंदणी झाल्याशिवाय, निदान तात्पुरती तरी, गाडी ताब्यात द्यायची डीलरला परवानगी नाही. ‘आज घेऊन जा, नंबर नंतर’ याला नाही म्हणा. हार घालण्याआधी चॅसिस नंबर फॉर्म 21शी जुळवा, टाकीवर आणि मडगार्डवर ओरखडे बघा, दोन्ही किल्ल्या मोजा, आणि बिलाची बेरीज पहिल्या कोटेशनशी ताडून पाहा. शेवटच्या क्षणी एखादी नवी ओळ वाढलेली असेल तर राहिलेली रक्कम तिथेच थांबवा. ऐकत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915, तो त्यांच्यासमोरच फिरवा.